कोणतं फूल आलं, खाला?

मासूमाखालाला, म्हणजे सगळ्या गल्लीच्या मावशीला, हळू बोलता येत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तिचा जन्म मालेगावातला, यंत्रमागवाल्याच्या घरातला. उशाशी माग, पायाशी माग, आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचेही माग. त्या खडखडाटात आईला दूध मागायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. लग्न होऊन नाशकात आली, माग मागे राहिले, आवाज मात्र बरोबर आला. आज साठी उलटली तरी ती कानात गुपित सांगते तेव्हा पखाली गल्लीच्या दोन्ही टोकांना ते नीट ऐकू जातं. लोकांना त्याची इतकी सवय झालीय, की ती कुणाला "जरा इकडे ये, खासगी सांगायचंय" म्हणाली, की आजूबाजूच्या खिडक्या उघडतात.

आणि लग्न तरी तिनं कशासाठी केलं? हे ती स्वतःच सांगते, सुनेसमोर सांगते, पाहुण्यांसमोर सांगते. माहेरी पाणी आठवड्यातून कधी यायचं ते मालेगावच्या लोकांना विचारा. बादल्या, ड्रम, पातेली, वाट्या, सगळं भरून ठेवायचं आणि पोरांनी त्यात हात घातला की फटके खायचे. अशा घरातली ही मुलगी. तिला घेऊन चुलती नाशिकला स्थळ बघायला आली, आणि मागच्या अंगणात हात धुवायला गेली तर समोर हौद. दगडी, काठोकाठ भरलेला, आणि दगडाच्या तोटीतून त्यात पाणी पडतंय. कुणी बंद करत नाही, कुणी ओरडत नाही. मासूमा तिथंच मटकन बसली. चुलतीनं विचारलं, मुलगा कसा वाटला? ही म्हणाली, कोणता मुलगा? नवऱ्याचं तोंड तिनं नंतर पाहिलं. तेही बरं निघालं, ही देवाची कृपा.

आता हा हौद काय आहे ते कळल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. नाशकात नळ यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. गोदावरी हाकेच्या अंतरावर, खरं आहे, पण घाटाच्या पायऱ्या भरल्या घागरीनिशी चढून बघा, मग बोला. तेव्हा कुणा एका सरदारानं शहराच्या वरच्या अंगाला, मळ्यातल्या झऱ्यापासून जमिनीखालून विटा-चुन्याचा बंदिस्त पाट आणला आणि त्याचं पाणी या हौदात सोडलं. सरदार पेशव्यांचा होता की त्याच्याही आधीचा, यावरून गल्लीतली दोन म्हातारी माणसं अजून एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून आपण त्यात पडायला नको. हौदावरून पखाली पाणी भरत. पखाल म्हणजे पाण्याची कातडी पिशवी. ती पाठीवर टाकायची, तोंड मुठीत धरायचं आणि घरोघर पाणी पोचवायचं. सणावारी रस्त्यावर शिंपडायचं. मासूमाखालाचे सासरे, तिचे अब्बा, गल्लीतले शेवटचे पखाली. पुढे नळ आले, लोकांनी नळांना हळदकुंकू लावलं, हार घातले. सासरेही जाऊन ओंजळभर पिऊन आले आणि म्हणाले, लोखंडाचा वास येतो. मरेपर्यंत त्यांचं मत बदललं नाही. घरात नळ आला तरी त्यांच्या पेल्यात हौदाचंच पाणी.

पाट जमिनीखाली. तो तुंबला तर कळणार कसं? त्याची एक रीत होती. वरच्या मळ्यात पाटाला हवेसाठी विहिरीसारखं एक तोंड ठेवलेलं आहे, त्याला उच्छ्वास म्हणतात. संक्रांत झाली, की मळेकऱ्याच्या घरच्या बाईनं त्या उच्छ्वासात फुलं सोडायची. खाली पखाल्याच्या घरच्यांनी हौदाशी बसायचं. सकाळी सोडलेलं फूल उन्हं कलायच्या आत तोटीतून बाहेर पडलं, की पाट मोकळा. मग पखाल्यानं मळ्यात निरोप धाडायचा, "पोचलं." आणि सोबत गूळ.

पण रीत एवढीच नव्हती. कोणतं फूल सोडलं ते वरच्यांनी सांगायचं नाही. खालच्यांनी ते ओळखून कळवायचं. कारण कधीकाळी एका आळशी पखाल्यानं वाट बघायचा कंटाळा केला, स्वतःच एक झेंडू हौदात टाकला आणि "पोचलं" म्हणून निरोप धाडून झोपला. पाट खरंच तुंबलेला होता. गल्ली तहानेनं कासावीस झाली आणि त्या पखाल्याला लोकांनी काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून हा नियम.

वरचा मळा खंडेरावांच्या घराण्याचा. मखमलाबादच्या पुढे, फुलं आणि भाजीपाला. आता मळा काय आणि पखाली काय, एक हिंदू घर, एक मुसलमान घर, जात नाही, गोत नाही, पण पाण्यानं त्यांचं नातं लावून दिलेलं. दिवाळीला खाली भाजीची पोती येतात, ईदला वर नानकटाईचे डबे जातात. खंडेरावांची आई नवसाबाई मासूमाला "पोरी" म्हणते. मासूमा तिला मावशी म्हणते. सासरे होते तोवर फुलंही येत होती. अबरार पाळण्यात होता त्या वर्षी फूल आलं नाही. सासरे हौदाशी बसून राहिले. उन्हं गेली, दिवे लागले, तरी उठेनात. मासूमानं हाताला धरून उठवलं तेव्हा म्हणाले, "अडकलं असेल. येईल." पुढच्या संक्रांतीला ते नव्हते. पुन्हा कुणी फूल सोडलं नाही, कारण न आलेल्या फुलाची वाट बघायची कुणात हिंमत होती?

तोटीतून पाणी मात्र थोडं थोडं येतच राहिलं. करंगळीएवढी धार. हौद अर्ध्यावर असतो.

आता अबरार. मासूमाखालाचा एकुलता एक मुलगा, बापानं सुरू केलेली बेकरी चालवतो. माणूस चांगला. पण तोही आईचाच मुलगा, एक गोष्ट डोक्यात शिरली की बाहेर पडायला दार सापडत नाही. बेकरी चालते, पावाला गिऱ्हाईक पुरत नाही असं नाही, पावच गिऱ्हाइकाला पुरत नाही. दुसरी भट्टी हवी. भट्टीला जागा एकच, मागचं अंगण. आणि अंगणात हौद.

"अम्मी, तो बुजवावा लागेल," एका सकाळी त्यानं चहा पिता पिता सांगितलं. तिच्याकडे न बघता सांगितलं, म्हणजे किती दिवस पोटात धरून ठेवलं असेल बघा.

"बुजव की," खाला म्हणाली. "आधी मला बुजव, मग वरून हौद बुजव. एकाच खर्चात होईल."

"त्यात आहे काय आता? धार येते ती पाटाची नाहीच. पाट कधीच मेला. वर एवढ्या कॉलन्या झाल्या, रस्ते झाले. कुठली तरी पाइपलाइन गळतेय, तेच पाणी."

गळती. हा शब्द त्यानं उच्चारला आणि सून आफिया हातातली परात घेऊन हळूच आत सटकली. तिला सासूची नस न् नस ठाऊक.

"माझ्या सासऱ्यांच्या पाण्याला गळती म्हणतोस?" खाला म्हणाली, आणि हे तिनं साध्या आवाजात म्हटलं, म्हणजे कोपऱ्यावरच्या मनोज टेलरनं शिलाई मशीन थांबवली. पुढं बरंच बोलणं झालं. ते सगळ्या गल्लीनं ऐकलं, पण आपण मुद्द्यावर येऊ. शेवटी मायलेकांचं ठरलं ते असं. खंडेरावांना सांगून उच्छ्वासात फूल सोडायचं. फूल आलं तर पाट जिवंत, मग हौदाला हात लावायचा नाही. नाही आलं तर ती गळतीच. मग अबरारनं मुरूम मागवावा, हौद बुजवावा, खाला चकार शब्द काढणार नाही. ती चकार शब्द काढणार नाही, यावर अबरारचा विश्वास बसेना, पण ठरलं.

खालानं खंडेरावांना फोन लावला. तोंडावर पदर धरला, भिंतीकडे वळली, आणि अगदी हळू म्हणाली, "भाऊ, कुणाला सांगू नका हं. उद्या सकाळी फूल सोडा. कोणतं ते मला सांगू नका."

अर्थात रात्रीच्या जेवणापर्यंत गल्लीतल्या तान्ह्या पोरांनाही ठाऊक झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाला हौदाशी चटई टाकून बसली. इस्त्रीचा दुपट्टा, डोळ्यांत सुरमा, शेजारी चहाचा थर्मास. तिच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. नजर तोटीवर. म्हणे, आता पापणीसुद्धा हलवणार नाही.

पण त्या दिवशी तिच्या मागं काय कामं लागली काय विचारता. आधी मनोज आला. "खाला, एका ड्रेसचा गळा बघून द्या ना, बाई फार कटकटी आहे." ती गेली, बघून आली. मग समोरची रोशनी आली. हिच्याकडे उन्हाळ्याच्या पापडांची तयारी चाललेली. "खाला, पिठाची चव तेवढी बघा, पापडखार जास्त झाला वाटतं." ती गेली, चाटून आली, नीट आहे म्हणाली. मग आफियानं आत नेऊन ब्लडप्रेशरची गोळी दिली. गोळी सकाळीच घेतली होती, पण सून एवढ्या प्रेमानं देते म्हणून खालानं नको म्हटलं नाही, नुसती घेतल्यासारखी केली. मग कोणाचं बाळ रडत होतं, दृष्ट काढायला बोलावलं. प्रत्येक वेळी ती धावत जायची आणि धावत यायची. गुडघे दुखतात म्हणणारी बाई, पण त्या दिवशी तिच्या गुडघ्यांना आठवणच राहिली नाही.

दृष्ट काढून परत आली तर हौदात गुलाब.

लाल, टपोरा, पाण्यावर गोल फिरणारा. खालाच्या तोंडून जो आवाज निघाला त्यानं मशिदीवरची कबुतरं उडाली आणि बेकरीतल्या कारागिराच्या हातून खारीचा ट्रे पडला. लोक धावले. ते इतक्या लवकर धावले, की जणू दारामागंच उभे होते. कुणी तिला मिठी मारली, कुणी तिच्या तोंडात साखर कोंबली. "कोणतं फूल आलं, खाला?" "गुलाब," ती रडत म्हणाली, "गुलाब आलाय, अब्बांचा पाट जिवंत आहे." अबरार मागं उभा होता. तो कारागिराला म्हणाला, नानकटाईचे डबे आण, वाट सगळ्यांना.

गल्लीत एक ताशावाला राहतो. लग्नसराई नसली तरी ताशा बडवल्याशिवाय त्याला झोप येत नाही. तो ताशा घेऊनच आला. झालं. अंगणात जागा नाही, लोक जिन्यावर चढलेत, रोशनी पिठाच्या हातांनी नाचतेय, मनोजच्या गळ्यात टेप तशीच लोंबतेय. खालानं सुद्धा दोन गिरक्या घेतल्या. आणि गिरकी घेता घेता तिची नजर हौदाकडे गेली.

काठाच्या सावलीतून तरंगत शेवंती आली होती. पांढरी.

"अगं बाई, दोन प्रकार सोडले वाटतं," ती कौतुकानं म्हणाली.

मग दिसला अस्टर. मग गुलछडीची काडी. मग अबोलीचा गजरा, दोऱ्यात ओवलेला, आणि केसांना लावायची पिन त्याला तशीच. खाला वाकली. गजऱ्याच्या पलीकडे एक सूर्यफूल तरंगत होतं, भलंमोठं, पिवळंजर्द, प्लॅस्टिकचं. देठाला किमतीची चिठ्ठी.

ताशा चालूच होता. ताशावाल्याचे डोळे मिटलेले.

तेवढ्यात फोन वाजला. खंडेराव. खालानं फोन कानाला लावला, पण ताशामुळे ऐकू येईना, म्हणून तिनं मोठ्या आवाजावर टाकला आणि हात वर केला. ताशा थांबला.

"आपा, लय माफी करा," खंडेरावांचा आवाज सगळ्या अंगणात घुमला. "काल बहिणीकडं हळदीला आलतो, आई पण संगं हाय. सकाळीच निघालो, पण दिंडोरीच्या रस्त्याला द्राक्षांच्या गाड्यांनी सगळं जाम करून टाकलंय. अजून मळ्यावर पोचलो नाय. फुलं अजून झाडावरच हायेत."

एवढी शांतता पखाली गल्लीत करफ्यूच्या दिवसांतही झाली नव्हती. कुणी वर आभाळाकडे बघतंय, कुणी पायाच्या अंगठ्याकडे. रोशनीनं केसांना हात लावला, जिथं सकाळपर्यंत गजरा होता.

बिचाऱ्यांचं चुकलं तरी काय? कोणतं फूल सोडलंय ते कुणालाच ठाऊक नाही, आणि खालाचा हौद तर वाचायला हवा. मग ज्यानं त्यानं, खाला कामाला गेली की, आपापल्या अंदाजानं आणून टाकलं. एकमेकांना विचारायचं कुणाला सुचलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं, एवढी अक्कल आपल्यालाच आहे.

खाला हौदातली फुलं एकेक करून काढायला लागली. काही न बोलता काढत होती, आणि तिचं न बोलणं लोकांना फार लागलं. सगळ्यात शेवटी तिच्या हाताला झेंडूची एक जुडी आली. कोपऱ्यात, दगडाच्या आडोशाला होती, पाकळ्यांच्या कडांवर काळेपणा आलेला. म्हणजे पहाटेच टाकलेली, गुलाबाच्याही आधी. जुडी दोऱ्यानं बांधली होती. लाल-पांढरा पीळ घातलेला दोरा. नानकटाईचे डबे बांधायचा.

खालानं दोऱ्याकडे बघितलं. मग अबरारकडे बघितलं. अबरार भिंतीवरच्या एका खिळ्याचा फार बारकाईनं अभ्यास करत होता.

मग ती हसायला लागली. आधी खांदे हलले, मग सगळीच हलली, मग चटईवर बसली, हसता हसता डोळ्यांतला सुरमा गालांवर आला, आणि तिला बघून सगळं अंगण हसायला लागलं. फोन तसाच चालू. पलीकडून नवसाबाईचा म्हातारा आवाज आला, "काय गं पोरी, काय झालं? कोणतं फूल आलं?"

"सगळी आली, मावशी," खाला म्हणाली. "गुलाब आला, शेवंती आली, अस्टर, गुलछडी, झेंडू, गजरा. एक तर दुकानातलं प्लॅस्टिकचं आलंय. नाशकातलं एक फूल यायचं राहिलं नाही."

पलीकडे म्हातारी खोकेपर्यंत हसली. मग म्हणाली, "खंडू, ऱ्हाऊ दे तुझी फुलं. आता फूल मी निवडते." आणि फोन बंद झाला.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. अबरार पुढं आला आणि म्हणाला, "अम्मी, राहू दे हौद. भट्टीचं मी बघतो काहीतरी." गल्ली टाळ्या वाजवायच्या बेतात होती. पण खाला ती खाला.

"नाही," ती म्हणाली. "कालपर्यंत गळती म्हणत होतास, आज माझी दया आली म्हणून पाट झाला? दयेवर हौद ठेवायचा नाही मला. मावशी फूल सोडेल. आलं तर आलं. सोमवारी मुरूम येऊ दे."

"अगं पण मीच नको म्हणतोय ना."

"तू कोण? ठरलं म्हणजे ठरलं. खोट्या फुलावर हौद राखला तर अब्बांना काय तोंड दाखवू?"

आता या बाईला काय म्हणावं? हौद तिचा जीव की प्राण, मुलगा म्हणतोय राहू दे, गल्ली म्हणतेय राहू दे, आणि हीच मुरूम मागवतेय. लोकांना तिचा एवढा राग आला, की संध्याकाळी कुणी तिच्याशी बोललं नाही. मनोज तर म्हणाला, हिच्यासाठी गुलछडी आणली तीच चूक झाली, तेवढ्या वेळात दोन ब्लाउज झाले असते.

दुपारी खंडेराव मळ्यावर पोचले, नवसाबाईनं फूल सोडलं, एवढाच निरोप आला. खाला हौदाशी बसली. या वेळी तिनं अंगणाचं दार आतून लावून घेतलं, उगाच कुणाला पुन्हा प्रेम यायला नको. उन्हं कलली. काही आलं नाही. रविवारी सकाळपासून पुन्हा बसली. तोटीतून करंगळीएवढी धार पडत होती, तिच्याबरोबर कधी एखादं पान येई, कधी शेवाळ, आणि प्रत्येक वेळी तिचा जीव वर येऊन खाली जाई. संध्याकाळी आफियानं हाताला धरून तिला उठवलं. उठताना खाला म्हणाली, "अडकलं असेल." आणि मग तिच्या लक्षात आलं, हे आपण कुणाचे शब्द बोललो. त्या रात्री ती जेवली नाही, आणि फार हळू आवाजात रडली. म्हणजे फक्त शेजाऱ्यांनाच ऐकू गेलं.

सोमवारी मुरमाचा ट्रॅक्टर आला.

आला, पण गल्लीत शिरेना. कारण गल्लीत पापड होते. रोशनीनं पहाटे उठून गल्लीभर साड्या अंथरल्या होत्या, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि त्यांवर पापड, कुरडया, चकल्या, एकाला एक लागून. शेजारणींनीही आपापल्या चादरी जोडल्या होत्या. टोकापासून टोकापर्यंत मुंगीला जायला वाट नव्हती. आता तुम्हीच सांगा, बायकांच्या वाळत घातलेल्या पापडांवरून ट्रॅक्टर घालेल असा मर्द कुठं जन्मलाय? ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, मग खाली उतरून डोकं खाजवलं. मनोजनं त्याला चहा दिला आणि सांगितलं, "वाळायला चार दिवस लागतात. ऊन कमी असलं तर आठ."

खाला दारात आली. "उचला ते," ती गरजली. "रोशनी, उचल आधी. माझा शब्द गेलाय."

"पापड ओले आहेत खाला," रोशनी शांतपणे म्हणाली, "ओल्याला हात लावला तर मोडतात. तुम्हीच शिकवलंत."

"मी सांगते उचल."

"नाही उचलत."

एवढ्यात मागून अबरार आला. हात ओले, कपाळाला आठ्या. भट्टीचे ट्रे धुवायला पाणी घ्यायला अंगणात गेला होता. आज पहिल्यांदा तो गल्लीवर खरा चिडलेला दिसत होता.

"हद्द झाली आता," तो म्हणाला. "फुलं टाकलीत, समजू शकतो. प्लॅस्टिकचं टाकलंत, तेही ठीक. पण हौद काय उकिरडा आहे? कांद्याचा कचरा कुणी टाकला त्यात? अम्मी दार लावून बसत होती तरी कुणी भिंतीवरून टाकलं? हे बघा, दोन निघालेत."

त्याच्या हातात दोन डेंगळे होते. डेंगळा म्हणजे कांद्याला बी धरायला येतो तो फुलाचा गोंडा, पांढुरका, गोल, लांब देठाचा. देठ खुडलेले होते. गोंडे चिखलानं काळपट झालेले, काही फुलं गळालेली, आणि त्यांतून पाणी ठिबकत होतं.

"मी नाही टाकले," रोशनी म्हणाली.

"माझ्याकडे कुठून येणार डेंगळे?" मनोज म्हणाला. "भाजीबाजारात पण मिळत नाहीत."

अबरारनं ते कचऱ्याच्या पेटीकडे नेण्यासाठी पाऊल उचललं, आणि खालानं त्याचं मनगट धरलं. तिनं डेंगळा हातात घेतला. नाकाशी नेला. कांद्याचा वास आला, आणि त्याच्यामागून जुन्या चुन्याचा, ओल्या विटांचा, बंद पाण्याचा वास आला, जो तिनं कित्येक वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या ओंजळीत घेतला होता.

तिनं फोन लावला. पलीकडे खंडेरावांनी तो आईच्या हातात दिला असावा, कारण म्हातारीचाच आवाज आला, "बोल गं. कोणतं फूल आलं?"

खालानं तोंड उघडलं, पण तिचा आवाज फुटेना. उभ्या जन्मात पहिल्यांदा ती कुजबुजली, आणि शेजारी उभ्या अबरारलासुद्धा ते ओठांकडे बघूनच कळलं.

"कांदा."

पलीकडून नवसाबाई म्हणाली, "जे कुणाच्या दुकानात मिळत नाय, ते सोडलं होतं गं. सासऱ्याला सांगितलंस का?"

अबरार आईकडे बघत होता, हातातल्या दुसऱ्या डेंगळ्याकडे बघत होता, आणि मग तो तिथंच, पापडांच्या कडेला, मटकन खाली बसला. रोशनीनं तोंडाला पदर लावला. ड्रायव्हर मनोजला विचारत होता, की मग मुरूम कुठं ओतू, आणि मनोज त्याला गल्लीच्या तोंडाशी पावसाळ्यापासून पडलेला खड्डा दाखवत होता.

खाला अंगणात गेली. ओला डेंगळा छातीशी धरून हौदाच्या काठावर बसली, तोटीतून येणाऱ्या धारेखाली हात धरला, आणि मालेगावच्या सगळ्या मागांवरून ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणजे कबरस्तानात ऐकणाऱ्याला काही त्रास पडू नये म्हणून, म्हणाली, "अब्बा, पोचलं."